प्लांट सुरू झाला, तरी नदी काळीच का?

आषाढी वारी जवळ आली की आळंदीच्या इंद्रायणीचे फोटो दरवर्षी बातम्यांत येतात. बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे थर साचलेले असतात आणि त्याच पाण्यात वारकरी डोकं भिजवत असतात. पुण्यात मुळा-मुठेचीही तीच बातमी असते, फक्त तिथे फेसाच्या जागी जलपर्णी आणि काळं पाणी. दोन्हीकडे मैलाशुद्धीकरण केंद्रं आहेत आणि नवी उभी राहताहेत. मुळा-मुठेसाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ नवी केंद्रं मंजूर झाली. त्याचा करार २०१६च्या जानेवारीत झाला आणि तेव्हाचा अंदाजित खर्च ९९० कोटींच्या घरातला होता.

पुण्याच्या खालच्या अंगाला, मुळा-मुठेच्या काठच्या मांजरी गावात राहणाऱ्या माझ्या मावशीने मागच्या उन्हाळ्यात मला सरळ विचारलं, “अगं, वरती एवढे कोटी घालून प्लांट बांधतात ना? मग संध्याकाळी आम्हाला खिडकी का उघडता येत नाही?”

“प्लांट बंदच असतो, सगळा भ्रष्टाचार आहे,” हे उत्तर आपल्या जिभेवर तयार असतं. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण मावशीचा प्रश्न त्याहून खोल आहे. केंद्र चोवीस तास चालू आहे, एकही नियम मोडत नाही, तपासणीत उत्तीर्ण होतं, आणि तरीही त्याच्या खालची नदी अंघोळीच्या लायकीची नाही, असं अगदी होऊ शकतं. ते का, हे कळायला पाण्यात काय आहे याच्या जोडीला पाणी किती आहे हेही बघावं लागतं. आपल्याकडे या दोन गोष्टींची चर्चा दोन वेगळ्या खोल्यांत होते. स्वच्छतेचं प्रदूषण नियंत्रण मंडळ बघतं, प्रवाहाचं पाटबंधारे खातं. नदीला मात्र दोन्ही एकदमच भोगावं लागतं.

नदीचा श्वास

पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. मासे, खेकडे, किडे आणि डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीवाणू त्यावर जगतात. पण पाण्यात तो फार थोडा मावतो. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पुण्याच्या उंचीवर, तीस अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम सात मिलिग्रॅम. नदीची सगळी श्रीमंती एवढीच.

आता त्यात सांडपाणी पडलं, म्हणजे विष्ठा, अन्नाचे कण, साबण, तेल. जीवाणूंसाठी ही पंगतच. ते हे सगळं खातात, आणि खाताना प्राणवायू वापरतात. पाण्यातली घाण पूर्ण खाऊन संपवायला जीवाणूंना किती प्राणवायू लागेल, या मापाला बीओडी म्हणतात, मराठीत जैविक प्राणवायू मागणी. मी त्याला पुढे ‘भूक’ म्हणणार आहे, कारण ती तशीच आहे. मोजायची पद्धतही साधी. पाण्याचा नमुना बाटलीत हवाबंद करून अंधारात ठेवायचा आणि काही दिवसांनी प्राणवायू किती घटला ते बघायचं. भारतात ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवसांची असते.

शहरातल्या कच्च्या सांडपाण्याची भूक लिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. नदीच्या खिशात सात आहेत आणि मागणारा दोनशे मागतो आहे. म्हणजे एक लिटर मैलापाणी नदीच्या जवळजवळ अठ्ठावीस लिटर स्वच्छ पाण्याचा सगळा प्राणवायू पिऊन टाकू शकतं. प्राणवायू संपला की काम त्याच्याविना जगणाऱ्या जीवाणूंच्या हाती जातं. ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. तोच वायू पाण्यातल्या लोहाशी मिळाला की काळा गाळ बनतो. मावशीच्या खिडकीतून येणारा वास आणि नदीचा काळा रंग ही दोन्ही एकाच गोष्टीची खूण आहे. तिथल्या पाण्याचा श्वास बंद पडलेला आहे.

केंद्रात नेमकं काय होतं

तिथे कुठलंही जादूचं रसायन ओतत नाहीत. आधी जाळ्यांवर प्लास्टिक, चिंध्या, फांद्या अडवतात. मग वाळू खाली बसवतात. खरं काम पुढच्या टाकीत होतं. तिथे खालून हवा सोडतात आणि नदीत जे जीवाणू दोन-चार दिवसांत करतील ते काम काही तासांत उरकून घेतात. खाऊन सुस्त झालेले जीवाणू गाळ होऊन तळाशी बसतात, वरचं नितळ पाणी क्लोरिन देऊन नदीत सोडतात. ही युक्ती १९१४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला सापडली आणि आजही बहुतेक केंद्रांचा गाभा तीच आहे.

म्हणजे नदीने जी पंगत वाढली असती, ती केंद्र स्वतःच्या अंगणात वाढतं. प्राणवायू नदीचा जात नाही, विजेवर चालणाऱ्या ब्लोअरचा जातो. म्हणून वीज गेली की गोची होते. घराघरांतून येणारं सांडपाणी तर थांबवता येत नाही, विशेषतः सकाळी सात ते दहाच्या वेळात. जनरेटर नसेल तर ते तसंच नदीत जातं.

चांगलं चाललेलं केंद्र ही भूक दोनशेवरून वीसवर, नीट देखभाल असेल तर दहावर किंवा त्याखाली आणतं. नव्वद-पंचाण्णव टक्के घट म्हणजे मोठंच काम आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण नदीला टक्केवारी कळत नाही. उरलेलं किती आहे आणि ते कशात मिसळतं आहे, एवढंच तिला कळतं.

आमटीत मीठ जास्त पडलं तर

घरी आमटी खारट झाली की आपण पाणी वाढवतो. मीठ तेवढंच राहतं, पण वाटीत खारट लागत नाही. नदीचंही तसंच. केंद्रातून आलेलं पाणी वरून येणाऱ्या स्वच्छ पाण्यात मिसळलं की त्याची भूक विभागली जाते.

केंद्रांसाठीचे आकडे पहिल्यांदा ठरले तेव्हा हे पाणी हिशेबात धरलेलं होतं. इंग्लंडच्या सांडपाण्यावरच्या रॉयल कमिशनने १९१२ साली सांगितलं की शुद्ध केलेल्या पाण्याची भूक २० पर्यंत चालेल, पण नदीत त्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी असलं पाहिजे. वरच्या पाण्याची भूक दोन धरा. एक बादली वीसची, आठ बादल्या दोनच्या. बेरीज छत्तीस, भागिले नऊ, उत्तर चार. चारच्या वर गेली तर नदीला त्रास होतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणजे वीस हा आकडा एकटा जन्मलाच नाही, तो आठ बादल्यांचा हात धरून आला. पुढे वीस हा आकडा जगभर पसरला, आठ बादल्यांची अट बहुतेक ठिकाणी मागे राहिली. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत महाग विसरभोळेपणाची गोष्ट हीच.

आपल्याकडे आधी नदीत सोडायच्या पाण्याला ३० ची मर्यादा होती. २०१७ साली केंद्र सरकारने मोठ्या शहरांसाठी ती २० केली. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने १० चा आग्रह धरला. दुसरीकडे, नदीत अंघोळ करायची तर त्या पाण्याची भूक तीनच्या वर नको आणि विरघळलेला प्राणवायू पाचच्या खाली नको, असा आपलाच निकष आहे. आता हे दोन्ही आकडे शेजारी ठेवा. केंद्राने दहाचं पाणी सोडलं, म्हणजे ते उत्तीर्ण. वरची नदी दोनची आहे. संगमावर तीन हवेत. गणित सांगतं की केंद्राच्या प्रत्येक बादलीमागे स्वच्छ पाण्याच्या सात बादल्या लागतील. केंद्र वीसवर चालत असेल तर सतरा. तीसवर चालत असेल तर सत्तावीस.

आणि वरून एकही बादली येत नसेल तर? मग केंद्रातून जे बाहेर पडतं तीच नदी. दहा म्हणजे दहाच. नियमात बसणारं केंद्र आणि निकषात न बसणारी नदी एकमेकांना खेटून उभी राहतात, आणि दोघांचेही अहवाल खरे असतात.

वरचं पाणी कुठे गेलं?

मुठेवर आणि तिला मिळणाऱ्या नद्यांवर टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चार धरणं. चारही मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठतं. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, म्हणजे जवळपास २,८३२ कोटी लिटर. पावसाळा सरला की खडकवासल्याच्या दारांतून नदीत होणारा विसर्ग थांबतो. पाणी कालव्याने शेताकडे आणि जलवाहिन्यांनी शहराकडे जातं. विठ्ठलवाडीजवळ उन्हाळ्यात मुठेचं जे पाणी दिसतं, त्यात धरणाचा वाटा शोधावा लागतो.

मुळेची गोष्ट आणखी वेगळी. मुळशीचं धरण टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधलं. त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, ज्याचं नेतृत्व करताना बापट ‘सेनापती’ झाले. जमिनी गेल्याचं दुःख आपण ऐकलेलं असतं, पण पाणी गेल्याचं फारसं बोललं जात नाही. मुळशीला अडवलेलं पाणी सह्याद्री उतरून रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला जातं, वीज देतं, आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. जे पाणी पूर्वेला पुण्याकडे यायचं ते पश्चिमेला गेलं.

पवना धरणाचं पाणी मात्र नदीतूनच सोडतात. म्हणून मावळातली पवना उन्हाळ्यातही वाहती दिसते. रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवड ते पाणी उचलते आणि तिथून खाली नदीचं रूप पालटतं. प्रवाह म्हणजे काय हे बघायचं असेल तर एप्रिलमध्ये एका सकाळी रावेतच्या वर आणि दुपारी दापोडीच्या पुलावर जाऊन यावं. नदी एकच आहे, अंतर काही किलोमीटरचं आहे.

थोडक्यात, नदीतलं पाणी आपण वरती उचललं, प्यायलो, अंघोळी केल्या, कपडे धुतले, आणि खाली सांडपाणी म्हणून परत दिलं. उन्हाळ्यात संगमाखाली बंडगार्डनपाशी जे वाहतं ते बहुतांशी हेच, शहराने वापरून परत केलेलं पाणी. काही केंद्रातून गाळून आलेलं, काही नाल्यांतून तसंच आलेलं.

मग धरणातून पाणी सोडा की!

हे ऐकल्यावर हाच पुढचा प्रश्न येतो, तेव्हा हिशेब करूनच बघू. त्या ११ नव्या केंद्रांची क्षमता दिवसाला ३९६ एमएलडी आहे. एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर. धरणाच्या भाषेत ३९६ एमएलडी म्हणजे सुमारे १६० क्युसेक, सेकंदाला तेवढे घनफूट. पावसाळ्यात खडकवासल्याचा विसर्ग हजारो क्युसेकचा असतो, तिथे हा आकडा कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण उन्हाळ्यात तो नदीच असतो.

ही केंद्रं दहाच्या भुकेचं पाणी सोडतात असं धरू. सातपट स्वच्छ पाणी हवं, म्हणजे रोज २,७७२ एमएलडी. दहा-सव्वादहा दिवसांत एक टीएमसी संपला. पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांत साडेतेवीस टीएमसी. चारही धरणांत मिळून २९ मावतात. म्हणजे जवळपास सगळं धरण नदीत ओतलं तर नदी तीनवर येईल, आणि पुण्याला प्यायला, दौंड-इंदापूरच्या शेताला काही उरणार नाही. कोणीही हे करणार नाही, आणि करूही नये.

पण याच गणिताची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. केंद्राने दहाऐवजी पाचचं पाणी सोडलं तर? सात बादल्यांऐवजी दोन पुरतात. आठ महिन्यांचा हिशेब साडेतेवीस टीएमसीवरून पावणेसात टीएमसीवर येतो. केंद्राच्या कागदावर दहावरून पाच ही किरकोळ सुधारणा दिसते. दोनशेतून पंचाण्णव टक्के काढत होतो, आता साडेसत्त्याण्णव काढू. नदीच्या बाजूने बघितलं तर ती सुधारणा जवळजवळ सतरा टीएमसी पाण्याच्या तोडीची आहे. जिथे प्रवाह नाही तिथे केंद्राची शेवटची पायरी, गाळण्या आणि देखभाल, ही चैन उरत नाही. वाहत्या नदीकाठच्या शहराला जे दहावर परवडतं ते कोरड्या नदीकाठच्या शहराला परवडत नाही. दोघांना एकच मानक लावणं हे नदीवर अन्यायाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

हा हिशेब मुद्दाम सोपा केलेला आहे, हे सांगायला हवं. नदी वाहताना स्वतःही घाण पचवते, आणि नाल्यांतून येणारं कच्चं मैलापाणी मी यात धरलेलं नाही. पहिली गोष्ट आकडे कमी करते, दुसरी खूप वाढवते.

गंगेसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये किमान प्रवाह अधिसूचित केला. उगमापासून हरिद्वारपर्यंतच्या टप्प्यात नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या निदान २० टक्के पाणी नदीत सोडलंच पाहिजे, ऑक्टोबर, एप्रिल आणि मेमध्ये २५ टक्के, पावसाळ्यात ३० टक्के. म्हणजे नदीला स्वतःचं पाणी हक्काने देता येतं, हे या देशात मान्य झालेलं आहे. ही अधिसूचना मात्र गंगेपुरती आहे.

नमुना कुठे घेतला, किती वाजता घेतला?

आता असं समजा की कोणी केंद्राच्या तोंडाशी नमुना घेतला आणि प्राणवायू साडेपाच निघाला. बातमी येते, “पाणी उत्तम.” मावशी खाली मांजरीत नाक दाबून बसलेली असते. खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही.

केंद्रातून पाणी बाहेर पडतं तेव्हा त्यात नुकतीच हवा खेळलेली असते, प्राणवायू चांगला असतो. भूक मात्र पुढे जाता जाता भागते. एकीकडे जीवाणू प्राणवायू खर्च करतात, दुसरीकडे वरच्या हवेतून तो हळूहळू पाण्यात उतरतो. सुरुवातीला खर्च जास्त, जमा कमी. म्हणून प्राणवायू घसरत जातो, काही किलोमीटर खाली तळ गाठतो आणि मग सावरतो. या घसरणीचं गणित स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघा अमेरिकनांनी ओहायो नदीवर मांडून १९२५ साली प्रसिद्ध केलं. आलेख काढला तर सैल दोरीसारखा झोळ पडलेला दिसतो. सर्वांत वाईट जागा केंद्रापाशी नसते, ती खालच्या गावात असते.

झोळ किती खोल जाईल हे पुन्हा प्रवाहावर ठरतं. उथळ, खळाळतं पाणी दगडांवर आपटत जातं आणि हवा घेतं. बंधाऱ्यामागे साचलेलं, खोल, संथ पाणी तसं घेऊ शकत नाही. त्यात उन्हाळा. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि जीवाणू मात्र गरमीत जोमाने खातात. मे महिन्यात प्रवाह सर्वांत कमी, खिसा सर्वांत रिकामा आणि भूक सर्वांत जास्त, तिन्ही एकदम जुळून येतात.

वेळेचंही तसंच. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू बनवतं आणि रात्री तोच वापरतं. त्यामुळे हिरवट नदीत दुपारी दोन वाजता आकडा झकास येतो आणि पहाटे पाच वाजता कोसळलेला असतो. मासे मरतात ते पहाटे. काठावरच्या मासेमारांना हे कोणी शिकवावं लागत नाही, पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकणारे मासे ते उजाडताना बघतात. सरकारी नमुने मात्र कार्यालयीन वेळेत घेतले जातात.

अमोनिया, ज्याचं नाव कोणी घेत नाही

बीओडीच्या छोट्या चाचणीत मुख्यतः कार्बनयुक्त घाणीची भूक मोजली जाते. लघवीतून येणारा नायट्रोजन पाण्यात अमोनिया होऊन राहतो, आणि त्याला खाणारे जीवाणू वेगळे असतात, संथ गतीचे. तीन दिवसांत ते बहुधा जागेही होत नाहीत. नदीत मात्र ते तळाशी, दगडांवर वस्तीला असतात. एक मिलिग्रॅम अमोनियातला नायट्रोजन पूर्ण पचायला सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. केंद्राच्या पाण्यात वीस मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन उरला असेल, तर कागदावर दहाची भूक आणि प्रत्यक्षात वर नव्वदची उधारी. शिवाय अमोनिया स्वतःच माशांना विषारी आहे.

२०१७च्या अधिसूचनेत नायट्रोजन आणि फॉस्फरसला मर्यादा ठेवली नव्हती. हे दोन्ही म्हणजे वनस्पतींचं खत. केंद्राने घाण खाल्ली तरी हे खत बरंचसं पाण्यातच राहतं, जोपर्यंत ते काढायची वेगळी सोय केलेली नाही. संथ पाणी, भरपूर ऊन आणि मोफत खत मिळालं की जलपर्णी फोफावते. ती वरून नदी झाकते, हवा आत जाऊ देत नाही, मेल्यावर स्वतः सडून भूक वाढवते. महापालिका दरवर्षी ती काढायला पैसे खर्च करते. खत आणि थांबलेलं पाणी जागच्या जागी असेल तर ती पुन्हा येणारच.

आळंदीचा फेस हा भाऊबंदच. कपडे-भांडी धुण्याच्या पावडरी, कारखान्यांतलं सांडपाणी आणि न पचलेला मैला यांतली द्रव्यं पाण्यावर पातळ पडदा धरतात, बंधाऱ्यावरून पाणी कोसळलं की तो घुसळला जातो आणि फेस तयार होतो. पावसाळ्याच्या तोंडावर तो जास्त दिसतो, कारण साचलेली सगळी द्रव्यं पहिल्या विसर्गाबरोबर एकदम हलतात.

“पावसाळ्यात नदी आपोआप धुऊन निघते”

अर्धं खरं आहे. जुलै-ऑगस्टच्या विसर्गात भूक इतक्या पाण्यात विभागली जाते की मोजमापात सापडत नाही. पण जूनचा पहिला पाऊस उलटा असतो. आठ महिने गटारांत, नाल्यांत, नदीच्या तळाशी जमलेला गाळ तो एका रात्रीत उकरतो, आणि नदीत अजून पाणी नसतं. मेलेल्या माशांचे खच जूनमध्ये दिसतात त्याचं एक कारण हेच. वर्षाची सरासरी काढली की हे दोन्ही टोकं एकमेकांना झाकून टाकतात. म्हणून वर्षाच्या सरासरीपेक्षा मे महिन्याचा आकडा मागावा.

“शुद्ध पाणी शेतीला दिलं तर नदीत टाकायलाच नको”

हा विचार चांगला आहे आणि पुण्यात तो चालूही आहे. मुंढव्याला जॅकवेल बांधून नदीचं पाणी उचलतात आणि साडेसतरा नळीजवळ कालव्यात सोडून पूर्वेकडच्या शेताला देतात. धरणातल्या पिण्याच्या पाण्याच्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी असं द्यायचं ठरलं होतं. नदीला नको असलेलं नायट्रोजन उसाला हवंच असतं. मात्र जंतू मारलेले नसतील तर ते पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना घालणं धोक्याचं, आणि शेतात दिवसभर त्यात उभं राहणाऱ्यांच्या कातडीचा विचार करावा लागतो.

इथे एक पेच आहे. केंद्राचं चांगलं पाणी सगळंच उचललं आणि नाल्यांचं कच्चं पाणी नदीत राहिलं, तर नदीची अवस्था आधीपेक्षा वाईट होते. कारण या कोरड्या नदीत तेच चांगलं पाणी आमटी सैल करत होतं. पुनर्वापर करताना आधी नाले अडवायचे आणि मग पाणी उचलायचं, हा क्रम उलटवून चालत नाही.

“मग केंद्रं वाढवा, एवढंच ना?”

केंद्रं हवीतच. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्षात आलेलं पाणी नव्हे. शंभर एमएलडीचं केंद्र बांधलं आणि त्याच्यापर्यंत येणारी मैलावाहिनी अर्धवट राहिली, तर साठच येतं. उरलेलं ओढ्याने नदीत. आंबील ओढा, नागझरी, भैरोबा नाला ही नावं पुणेकरांना नाले म्हणून पाठ आहेत, पण ते मूळचे ओढे होते, पावसाचं स्वच्छ पाणी नदीला देणारे. ते पुन्हा तसे झाले तर नदीला धरणाबाहेरूनही थोडा प्रवाह मिळेल. शहरातल्या झऱ्यांनाही मी त्याच रांगेत धरते. हे मोठं पाणी नाही. पण जिथे वरून शून्य बादल्या येतात तिथे एक बादलीसुद्धा गणित बदलते.

नदीकाठी बंधारे घालून पाणी साठवलं की पात्र भरलेलं दिसतं, लोकांना आवडतं. त्याचं आकर्षण मला समजतं. पण साठलेलं पाणी म्हणजे प्रवाह नाही. वर सांगितलेला झोळ अशाच संथ पाण्यात सर्वांत खोल जातो. बंधाऱ्याआधी भूक कमी झालेली असेल तरच ते दृश्य टिकतं.

खाली कोण आहे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२च्या अहवालात देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले आहेत. त्यातले ५५ महाराष्ट्रात, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी ही सगळी नावं त्यांत वर्षानुवर्षं येत आली आहेत. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ. भीमा उजनीच्या जलाशयात थांबते. उजनीचं पाणी सोलापूर जलवाहिनीने पितं आणि टाकळीजवळ नदीतूनही उचलतं. मधल्या वाटेवर तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. आळंदीला ज्या पाण्यात वारकऱ्यांचे पाय भिजतात, ते पाणी त्यांच्या मागोमाग पंढरपूरलाच निघालेलं असतं.

मावशीला मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. तिच्या प्रभागाच्या सभेत विचारायला तीन प्रश्न लिहून दिले. मे महिन्यात, पहाटे, केंद्राच्या पाच किलोमीटर खाली प्राणवायू किती होता? बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया किती आहे? आणि ज्या दिवशी नमुना घेतला त्या दिवशी वरून नदीत किती क्युसेक पाणी येत होतं? तिने कागद वाचला, तिसऱ्या प्रश्नाखाली पेनने रेघ मारली आणि म्हणाली, “हा पहिला विचारते.”